न विकलेल्या मालाचा नफा

३ एप्रिल
उपकंपनीचं नफा-तोटा पत्रक आलं. खाली अक्कांची सही. तीन वर्षं झाली त्यांची तिकडे बदली होऊन. त्यांच्याच हाताखाली हिशेब शिकले, आता त्यांच्याच खुर्चीत बसते. खुर्ची मिळाली, अक्का गेल्या!

४ एप्रिल
आमचा नफा चाळीस लाख, उपकंपनीचा दहा. डायरेक्टर म्हणाले, "एकत्रित पन्नास! बँकेला हाच आकडा द्या."
पण उपकंपनीने आम्हाला विकलेला माल निम्मा आमच्याच गोदामात पडून आहे. घरातल्या घरात विकलं, त्याचा कसला नफा? तीन वर्षांपूर्वी असंच झालं, तेव्हा भर मीटिंगमध्ये अक्का हेच म्हणाल्या होत्या. एकट्याच. मी शेजारी बसून मूग गिळले. आठवड्यात त्यांची बदली.

५ एप्रिल
अक्कांना फोन करायचा धीर होत नाही.

६ एप्रिल
केला.
"अक्का, आम्हाला विकलेल्या मालावर तुमचा नफा किती?"
"सहा लाख. निम्मा पडून असेल तर तीन वजा कर."
एवढंच! पूर्वी किती बोलायच्या. बेरीज चुकली की पेन्सिलीने टपली, आणि वर हसायच्या. फोन ठेवता ठेवता मी म्हटलं, "अक्का, तेव्हा मी—"
"आधी पत्रक पूर्ण कर गं."

८ एप्रिल
चाळीस अधिक दहा, वजा तीन — सत्तेचाळीस. उपकंपनीत वीस टक्के भागीदारी बाहेरच्यांची. तिच्या उरलेल्या सात लाखांतले एक लाख चाळीस हजार त्यांचे. आमच्या वाट्याला पंचेचाळीस लाख साठ हजार. खाली सही ठोकली.
डायरेक्टर म्हणाले, "पन्नास लिहा."
"नाही लिहिता येणार, साहेब."
या वेळी मूग गिळले नाहीत!
"अक्कांचं वारं लागलंय तुम्हाला!"
लागू दे.

१५ एप्रिल
बदलीचा हुकूम. उपकंपनीत! सत्तावीसला रुजू व्हायचं. वेडीच मी — शिक्षा झाली आणि हसू आवरेना. पुन्हा त्यांच्या शेजारी टेबल!

१६ एप्रिल
अक्कांना कळवलं. त्या म्हणाल्या, "अगं, तू माझ्याच जागी येतेयस. तीस तारखेला मी निवृत्त होतेय."
मी कॅलेंडरवर सत्तावीस ते तीस मोजू लागले.
"चार दिवस आहेत की! दोघींचा डबा मी आणते."