राजेसाहेबांच्या डोक्यावर कोण?

तीर्थस्वरूप काशीरामकाकांना,

पनवेलहून दयारामचा साष्टांग नमस्कार कोन गावी पोहोचावा. तुमच्या गुडघ्याला तेल लागू पडलं का? काकूंचा खोकला? इकडे सर्व कुशल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो; खरं तर रविवारपासून माझ्या डोळ्याला डोळा नाही.

आपल्या अनुयाने ऑफिसातला सत्यजीत पसंत केला, हे तुम्हाला ठाऊक आहे. तो धामणगिरी संस्थानच्या राजेसाहेबांचा धाकटा, हे मला मागाहून कळलं. संस्थान विलीन झालं, पुढे एकाहत्तर साली तनखाही गेला (लोक दोन्ही एकदमच गेलं म्हणतात, ते चूक), आता राजेसाहेब राहतात तीन खोल्यांत. पण मान काय कायद्याने जातो? माझी शाळा सातवीत सुटली असली, तरी वाचनालयातलं संस्थानांचं कपाट मी एकट्याने संपवलंय. धामणगिरीचा रिवाज स्वच्छ आहे: राजे खाली बसले असता वरच्या मजल्यावर कुणी वावरू नये.

आता आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आणि आमच्या डोक्यावर किशोरीबाई. राजेसाहेब लग्नाचं बोलायला येणार, तेवढा वेळ बाहेर जा, अशी तिला नम्र विनंती केली. म्हणाली, "राजा तुज्या घरचा. माजं बोंबील तव्यावर हाय. मी नाय उठायची." त्यावर तुमची सूनबाई सुमती म्हणते, "टाकीवर कबुतरं बसतात, त्यांनाही सांगून या."

त्यावरूनच मला गच्ची सुचली. वर नुसतं आभाळ! सतरंजी, लोड, तक्के, सगळं एकट्याने वर नेलं (लिफ्ट नेमकी बंद). राजेसाहेब आले. त्यांना पाठ दाखवायची नाही, म्हणून मुजरे करत, नजर खाली ठेवून, मी उलटा जिना चढत गेलो. गच्चीत पोहोचून मान वर केली, तर जिन्यात राजेसाहेबच नाहीत!

धाप लागून ते किशोरीबाईकडे शिरले होते. पंख्याखाली स्टुलावर बसून बोंबील खात होते. मला म्हणाले, "बसा ना." बसणार कुठे? ते स्टुलावर, आणि रिकामी होती ती खुर्ची, त्याहून उंच! मी उभाच राहिलो. लग्नाचा विषय निघालाच नाही. "इथे रिक्षा मिळेल ना?" एवढं विचारून ते गेले.

तेव्हापासून अनुया माझ्याशी बोलत नाही. काका, माझ्या अभ्यासापायी पोरीचं लग्न मोडलं तर मी कुणाला तोंड दाखवू?

आपला,
दयाराम

ता. क. – पाकीट चिकटवणार तोच सत्यजीतचा फोन आला. राजेसाहेबांना मुलगी कधीचीच पसंत आहे, धास्ती आहे ती व्याह्यांची. म्हणाले, "सरकारने आमचं सगळं काढून घेतलं आणि म्हातारपणी एसटीत अर्धं तिकीट दिलं. मला तेवढा मान पुरे. पुढची बैठक जिना नसेल तिथे घ्या."

ता. ता. क. – तर मुख्य विनंती ही, की तुमचं घर बैठं, कौलारू. येत्या रविवारी ओटी मिळेल का? कसलाही रिवाज पाळणार नाही, असा अनुयाला शब्द दिलाय, आणि तो पाळणार. फक्त तुमची मांजर दुपारी माळ्यावर झोपते, तिला तेवढा वेळ खाली घ्या. अनुयाला हे सांगू नका.