यादी शून्यावर आणताना

४ एप्रिल २०२२, सोमवार
आजपासून मी, प्रभाकर लोणकर, नोडल ऑफिसर. ऑर्डर हातात. कोविडमुळे आमच्या हॉस्पिटलात हाडांची ठरवून करायची ऑपरेशनं दोन वर्षं बंद आहेत. गुडघे बदलणं, खुबे बदलणं, सगळं. ती पुन्हा सुरू करायची. वाट बघणारे पेशंट २१२. मुदत शंभर दिवस. मला सत्तर पुरतील.
हाडांच्या डॉक्टर मेघना ओक लगेच केबिनमध्ये हजर. ऑपरेशन थिएटर आधी रिकामं करून द्या म्हणाल्या. तिथे कोविडच्या सामानाचे खोके छतापर्यंत रचलेत. मी म्हणालो, मॅडम, घाई नको, सिस्टीमने जाऊ. त्यांना सिस्टीम आवडत नसावी.
व्हाइटबोर्ड मागवला.

११ एप्रिल
संकल्प: रोज वीस पेशंटना फोन करून यादी ताजी करायची. आज केले सहा. उरलेला वेळ बोर्डावर रकाने आखण्यात गेला. रकाने वाकडे आले की साहेब दुसरं काही बघत नाहीत.
सहापैकी दोन मयत. वाईट वाटलं. पण यादी २१० वर आली. सुरुवात चांगली.

१८ एप्रिल, संध्या. ६
आज मोठा शोध. लोक फोन उचलत नाहीत. म्हणजेच त्यांना ऑपरेशन नको आहे. नियम केला: तीन रिंगा. तेवढ्यात उचलला नाही तर शेरा 'इच्छुक नाही', नाव कट. एका दिवसात एकोणीस निकाली. ही स्पीड इथे कोणी बघितली नसेल.
शहाडच्या चांगदेव भोईरांनी मात्र पहिल्याच रिंगला उचलला. वाट बघून कंटाळले, टेम्पो विकला आणि खाजगीत गुडघा करून घेतला. दहा मिनिटं माझ्यावर ओरडत होते. शेरा लिहिला: 'ऑपरेशन झाले. आवाज खणखणीत.'
घरी हेमाला आकडे सांगितले. तिने विचारलं, "ऑपरेशनं किती झाली?" म्हटलं, तो वेगळा रकाना आहे.

२ मे
यादी १२६. मुख्यालयातून मोठ्या साहेबांचा फोन, गुड वर्क लोणकर. कोपर स्टेशनजवळच्या घरापर्यंत चालत गेलो, रिक्षा केली नाही. इतकं हलकं वाटत होतं.
थिएटरच्या खोक्यांसाठी समितीची पहिली बैठक. खोके कोविड विभागाचे. कोविड विभाग मार्चमध्ये बंद. बंद विभागाच्या वतीने सही कोण करणार, यावर पावणेदोन तास चर्चा. वडे गरम होते. पुढची बैठक जूनमध्ये.
डॉ. ओक मध्येच उठून गेल्या. टीमवर्क कमी आहे.

१७ मे, मंगळवार
व्हरांड्यातल्या बाकावर एक बाई. मंजुळा जाधव, वय चौपन्न, खडवलीला अंगणवाडी सेविका. डावा खुबा पार झिजलेला. ऑपरेशनची तारीख मिळाली होती मार्च २०२०ची! यादीत सत्तावन्न नंबर. मी एप्रिलमध्येच कट केलेला.
सांगितलं, बाई, तुम्ही 'इच्छुक नाही' आहात.
त्या म्हणाल्या, "कोण बोललं?"
म्हटलं, फोन केला होता, तीन रिंगा वाजल्या, तुम्ही उचलला नाहीत.
"साहेब, आमच्याकडे रेंज फक्त खिडकीत येते. फोन तिथेच असतो. खाटेवरून उठून खिडकीपर्यंत जायला मला आठ रिंगा लागतात. पाय धड असता तर दुसऱ्या रिंगला उचलला असता. मग ऑपरेशन कशाला मागितलं असतं?"
युक्तिवाद गावठी आहे. पण जेवताना डोक्यातून जाईना. हेमा म्हणाली, लक्ष कुठाय, आमटीत पाणी ओतलंत.

२४ मे, मंगळवार
त्या पुन्हा आल्या. नाव परत लिहा म्हणाल्या. नियमात तरतूद नाही, हे समजावलं.
"तरतूद मला नका सांगू. मी पण वीस वर्षं रजिस्टर भरतेय. पोर आठ दिवस आलं नाही तर मी नाव कापत नाही, घरी जाऊन बघते."
मी म्हणालो, अहो, २१२ घरी कोण जाणार?
त्या बाकावरच बसल्या. उठल्याच नाहीत. शेवटी पेन्सिलीने नाव लिहिलं. पेन्सिल म्हणजे तात्पुरतं. त्यांना वाटलं, जिंकल्या. वाटू दे.

१४ जून, मंगळवार
आता दर मंगळवारी येतात. शेजारी बसणाऱ्यांची चौकशी करतात. कुठला पाय, कधीपासून. बाकाचं वातावरण बिघडतंय. बाक तिथून हलवायला सांगितला. वॉर्डबॉय धोंडिबा (माझ्याहून मोठे, पुढच्या वर्षी रिटायर) म्हणाले, साहेब, बाक हलवतो, पण माणसं जमिनीवर बसली तर त्यांना उठवायला तुम्हीच यायचं. बाक राहू दिला.
मंजुळाबाई अंगणवाडीत दिवसभर उभ्याच असतात. खाली बसल्या तर उठवायला दोन बायका लागतात. गृहभेटी बंद पडल्यात. सुपरवायझरने सांगितलंय, दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर राजीनामा द्या. हे सगळं मला का सांगतात कळत नाही. मी ऐकून घेतलं. संवेदनशील प्रशासन.

३० जून
यादी १.
फायनल रिपोर्ट: मयत १४. खाजगीत ऑपरेशन ३७. इच्छुक नाही १६०. उरलेल्या एकच, पेन्सिलवाल्या. अठ्ठ्याऐंशी दिवसांत! सत्तर म्हणालो होतो, पण मध्ये आंबे होते.
पीपीटी केला. शेवटच्या स्लाइडवर उगवता सूर्य.
डॉ. ओकना दाखवला. त्यांनी विचारलं, थिएटर? म्हटलं, पेशंटच नाहीत तर थिएटरची घाई कशाला? त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. कौतुक काहींना शब्दांत करता येत नाही.

१९ जुलै
मंजुळाबाईंना ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात रेफर केलं. उत्तम उपाय. यादी ०. पेन्सिलीचं खोडरबरने पुसलं, कागदावर डागसुद्धा नाही. मुख्यालयाला त्याच मिनिटाला मेल.

२६ जुलै, मंगळवार
परत आल्या. ठाण्याने चिठ्ठी दिली: सोय मूळ हॉस्पिटलात उपलब्ध असल्याने तिथेच जावे. दोन्हीकडच्या जिन्यांनी पाय सुजलेला. आज काही बोलल्या नाहीत. नुसत्या बसल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.
मेल दुरुस्त करावा का? शून्य लिहून झालं होतं. शून्यात एक मिळवला तर कोणाचं काय भलं होणार आहे.

१५ ऑगस्ट, सोमवार
झेंडावंदनानंतर माझा सत्कार! शाल, नारळ, प्रमाणपत्र: 'प्रतीक्षा यादी शून्यावर आणल्याबद्दल.' भाषण तयार होतं. साहेबांना दुसरीकडे जायचं होतं, म्हणून फक्त धन्यवाद म्हणालो.
मी फोटोत असताना डॉ. ओक, धोंडिबा आणि चार सिस्टर्सनी मिळून थिएटर रिकामं केलं. परवानगी नाही, गेटपास नाही, सही नाही. खोके कुठे ठेवले? माझ्या केबिनमध्ये!! दार अर्धंच उघडतं. कडक मेमो लिहायला घेतला, पण टेबल खोक्यांच्या मागे आहे.

१६ ऑगस्ट
व्हरांड्यात बसून काम. बाक तोच. मंजुळाबाईंनी सरकून जागा दिली. शाल कसली विचारलं. सांगितलं नाही.

१२ सप्टेंबर
थिएटरच्या तपासणीचे रिपोर्ट आले, जंतू नाहीत. कपाटात २०२० सालचा एकच कृत्रिम खुबा शिल्लक होता, तो नेमका मंजुळाबाईंच्या मापाचा निघाला. ऑपरेशन २० तारखेला. सेवा पुन्हा सुरू! माझ्या कारकिर्दीत! लाल रिबीन, फुगे, मोठ्या साहेबांना आमंत्रण. वेळ साडेअकरा.

२० सप्टेंबर, मंगळवार
सकाळी आठला डॉ. ओकनी रिबीन ऑपरेशनच्या कात्रीने कापली आणि आत गेल्या. पेशंट उपाशी आहे, साडेअकरापर्यंत ठेवणार नाही म्हणाल्या.
साहेब सव्वाबाराला आले. तोवर सगळं आटोपलेलं. ऑपरेशन उत्तम. साहेबांचा फोटो फुग्यांबरोबर काढला.

२२ सप्टेंबर
मंजुळाबाई वॉकर धरून दारापर्यंत चालल्या. सिस्टर्सनी टाळ्या वाजवल्या. धोंडिबा रडले. मीही वाजवल्या, जरा लांबून.

२९ सप्टेंबर
डॉ. ओकनी चाळीस कृत्रिम सांध्यांची मागणी पाठवली होती. मुख्यालयाचं उत्तर आलं: 'आपल्याच अहवालानुसार प्रतीक्षा यादी शून्य असल्याने मागणीचे प्रयोजन दिसत नाही.' सोबत माझ्या प्रमाणपत्राची झेरॉक्स.
त्या कागद घेऊन बाकाशी आल्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "लोणकर, थिएटर तयार आहे, मी तयार आहे. तुम्ही लिहून दिलंत की या शहरात कोणाचं दुखत नाही. आता ते तुम्हीच खोडायचं."
म्हटलं, बघतो. जेवलो नाही. हेमाला सांगितलं, ॲसिडिटी.

३ ऑक्टोबर, सोमवार
मुख्यालय. पत्राचे चार मसुदे फाडले. 'नजरचुकीने' हा शब्द टाकून पाचवा नेला. १६० पेशंट अद्याप प्रतीक्षेत आहेत, असं माझ्या सहीने.
मोठ्या साहेबांनी दोनदा वाचलं. विचारलं, "ऑगस्टमध्ये एकही नव्हता, दीड महिन्यात एकशे साठ माणसं लंगडी झाली?"
डॉ. ओक शेजारीच उभ्या होत्या. मला खरं सांगायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा.
म्हणालो, "पावसाळा होता, सर."
साहेबांनी मान हलवली आणि सही केली. चाळीस नाही, पंचवीस सांधे मंजूर. जिन्यात मी डॉ. ओकना म्हणालो, काम झालं ना शेवटी. त्या दोन पायऱ्या पुढे होत्या, थांबल्या नाहीत.

६ ऑक्टोबर, गुरुवार
नोडल ऑफिसर पद आजपासून डॉ. ओकांकडे. मला एकच काम. १६० जणांना पुन्हा फोन करायचे आणि कितीही वेळ लागला तरी उचलेपर्यंत थांबायचं. शाई पेनने लिहायचं.
आज एकतीस फोन. घसा बसला. एक गृहस्थ उन्हाळ्यातच गेले, त्यांच्या मुलीने सांगितलं. शेरा काय लिहावा सुचलं नाही. रकाना कोरा ठेवला.
शेवटचा फोन कोपरच्याच एका बाईंना, माझ्या घरामागच्या गल्लीतल्या. देवयानी प्रधान, दोन्ही गुडघे. फार वेळाने उचलला, धाप लागली होती. ऑपरेशनं सुरू झालीत, तुमचं नाव परत घेतोय, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "उन्हाळ्यात तुमच्याकडून फोन आला होता. मी भिंत धरत धरत पोचले, तोवर कापला. ते तुम्हीच का?"
म्हणालो, "नाही हो. त्यांची बदली झाली."
"बरं झालं," त्या म्हणाल्या.