मागेल त्याला मेमरी

३ नोव्हें., सोम.
कबनूरहून पुन्हा इसाकचाचांचा फोन. त्यांच्या यंत्रमागावर आमचा कंट्रोलर, म्हणजे माग चालवणारा छोट्या संगणकाचा डबा. साडीवरचं फूल अर्धं विणलं आणि माग बंद. "बेटा, लग्नाचा माल हाय. तुझ्या डब्यात भूत बसलंय काय?"
भूत कसलं! ऑफिसातल्या सागरने लिहिलेला, डिझाइन उघडायचा प्रोग्रॅम. फाइल एवढीशी, मेमरी मागतो डब्यात आहे त्याच्या कितीतरी पट. मेमरी वाटायचं काम कर्नेलचं, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमना सांभाळणाऱ्या मुळातल्या प्रोग्रॅमचं, आणि तो लिहिलेला मी. मागेल त्याला कर्नेल म्हणतं, घे! कुणाला नाही म्हणायचं नाही, हा आमच्या कंपनीच्या सरांचा नियम. मग खरंच संपली की जो प्रोग्रॅम हाताशी लागेल तो मारतं. आज माग चालवणारा प्रोग्रॅमच मेला. चोर सोडून संन्याशाला फाशी.

४ नोव्हें.
सरांना म्हटलं, नसलेली मेमरी मागितली तर दारातच नकार देऊ.
"आपल्यात पावण्याला न्हाय म्हणत्यात व्हय?"
भात संपलाय हे माहीत असून पंगत बसवायची आणि जेवत्या माणसाचं ताट ओढायचं, हा कुठला पाहुणचार? डोकं फिरलं. जेवणाचा डबा तसाच घरी परत आणला.

६ नोव्हें., गुरु.
सरांना न विचारता कर्नेल बदललं. शिल्लक असेल तेवढंच, जास्त मागितलं तर नकार. आपल्या टेबलावर चाचणी: मागाचा प्रोग्रॅम ठणठणीत, सागरचा कोसळला! नकार आला तर पुढे काय, हे पठ्ठ्याने लिहिलेलंच नाही. वर तोंड करून मला म्हणतो, "तुझं कर्नेल आजवर कधी न्हाय म्हटलंच न्हाय की!"
म्हणजे चूक माझी. वा रे वा.

७ नोव्हें.
कबनूर. चाचांच्या डब्यात नवं कर्नेल टाकलं. सांगितलं, सागर दुरुस्त करेपर्यंत नवं डिझाइन उघडणार नाही. "नगं उघडू दे. हाय ते इणू दे." माग दिवसभर थांबला नाही. चाचींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही.

८ नोव्हें., शनि.
सरांना कळलं. त्यांना दुसऱ्या गिऱ्हाइकाला चाचांकडचं मशीन दाखवायचंय, त्यात डिझाइन उघडलं पाहिजे. "सोमवारी जाऊन जुनं कर्नेल टाकून ये." नाही जाणार म्हटलं. "मग सागर जाईल." जाऊ दे! लाज वाटत नाही यांना.
चाचांना फोन केला. सागर आला तर डब्याला हात लावू देऊ नका, निदान हा लग्नाचा माल विणून होईपर्यंत तरी.
"आगं, तुमच्याच आफिसातलं पोरगं. दारात आल्यावर न्हाय कसं म्हणू बेटा?"
मागे माग चालल्याचा आवाज येत होता.