उतारावरचे दगड

१० ऑक्टोबर, शुक्रवार
रूट पक्का. वसमत–कुरुंदा–औंढा–सिद्धेश्वर धरण, आणि परत. डिसेंबरात नांदेड-परभणीचे सायकलवाले बोलवायचेत. त्याआधी रविवारी रफिक आणि मी जाऊन रस्ता बघून येणार. "बाल्या, सपाट रस्ता सोडून तुला डोंगरच काहून दिसतो रे?" म्हणे. शिंपी माणूस. जन्मभर पायमशीन चालवली, तरी चढ आला की ह्याची रड सुरू. उताराला मात्र साहेबांचं विमान.
खरी गोष्ट इथंच लिहितो, बाहेर कुणाला सांगत नाही. धरणाच्या अलीकडं अक्काचं गाव आहे, म्हणून हा रूट. चहा तिच्याकडं. फोन केला तर म्हणते, "ये की बाळू. रफिकला बी आण, धपाटे करते त्याला." त्याला! सख्खा भाऊ गेला उडत. तिच्या लग्नाचे ब्लाऊज रफिकच्या अब्बांनी शिवले होते, तेव्हापासून हा तिचा लाडका.

१२ ऑक्टोबर, रविवार
 काय लिहू आणि कसं.
सकाळी किती छान निघालो होतो. कुरुंद्यापर्यंत दोन्ही बाजूंनी हळद, वर धुकं. औंढ्यात पोहे खाल्ले. डोंगर चढून वर आलो आणि खाली धरणाचं पाणी दिसलं. रफिक म्हणाला, "या अल्ला, हे आपल्याच जिल्ह्यात हाय?" आणि सुटला उताराला. माझी चेन पडली होती, मी मागं राहिलो.
वळण घेतलं तर माणसं जमलेली. सायकल शेतात. रफिक डांबरावर आडवा, तोंड रक्तानं…
दगड. अर्ध्या रस्त्यात दगडांची रांग! त्या उतारावर अख्खं गाव सोयाबीन वाळू घालतं. वरून गाड्या जाऊ नयेत म्हणून कडेनं दगड मांडतात. आणि कुणा शहाण्यानं आपलं सोयाबीन उचलून नेलं, दगड ठेवले तसेच. काळं डांबर, काळे दगड, वर लिंबाची सावली. कुणाला दिसणार? ज्यावर आपटला तो तर फुटक्या जात्याचा अर्धा तुकडा. मीच लाथ मारून बाजूला केला.
अक्का गर्दीत होती. पदर तोंडात. घरून पळत आली असणार बिचारी.

१३ ऑक्टोबर, सोमवार
नांदेड, दवाखाना. वही आता पिशवीतच ठेवतो, बसून बसून दुसरं करणार काय.
डोक्याला टाके. उजवं मनगट आणि कोपर, दोन्हींचा चुरा. शुद्धीवर आहे, पण पडल्याचं काहीच आठवत नाही. "मी कुठून पडलो रे?" असं सारखं विचारतो. दर वेळी सांगतो, दर वेळी त्याला नव्यानं धक्का बसतो, आणि मलाही.
शबानाभाभींनी, रफिकच्या बायकोनं, डॉक्टरला एकच विचारलं, "कैंची पकड सकेंगे ना?" डॉक्टर म्हणाले, नसांचं आत्ताच सांगता येणार नाही.  मी खाली जाऊन उगाच चहा घेऊन आलो.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
सलीमभाई, म्हणजे रफिकचे थोरले भाऊ, पोलिसात तक्रार देणार. "ज्याचे दगड, त्याच्यावर केस. बराबर हाय का न्हाई, बालाजी?" म्हटलं, शंभर टक्के बराबर, साक्ष मी देतो. त्या माणसाला सोडायचा नाही. अरे, रस्ता काय तुझ्या बापाचं खळं आहे? पोतं उचलायला वेळ होता, चार दगड उचलायला हात मोडले होते का तुझे? मोडले ते माझ्या मित्राचे.
लिहूनसुद्धा राग जाईना.

२१ ऑक्टोबर, मंगळवार
लक्ष्मीपूजन. रफिकचं दुकान बंद. दिवाळीच्या बायका कुलूप बघून परत जातात. मंगलचा ब्लाऊज आतच अडकलाय, एक बाही लावलेली, एक राहिलेली. बायको माझी ह्या एका गोष्टीवरून घर डोक्यावर घेणारी, पण आज जुनाच घालून पूजेला बसली. मला जेवण गेलं नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार
भाऊबीज. एसटीनं गेलो. सायकलला त्या दिवसापासून हात लावलेला नाही.
अक्का डोळ्याला डोळा देईना. वाटलं, दाजींशी वाजलं असेल. हात धुवायला मोरीत गेलो. तिथं कपडे धुवायला दगड टाकलेला. अर्धं जातं. आमच्या आईचं जातं! अक्का सासरी आली तेव्हा बैलगाडीतून आलं होतं. फुटल्याचं मला माहीतच नव्हतं.
ओल्या हातानं तसाच बाहेर आलो. "अक्का, ह्याचं दुसरं अर्धं कुठंय?"
ओवाळायचं ताट हातात होतं तिच्या. ताटासकट खाली बसली.
"तुमी येणार म्हणून तर पहाटं उचललं रे सोयाबीन. सायकल घसरती त्याच्यावरून, तूच म्हणत असतो ना? पोतं घरी टाकलं. दगड मागून उचलू म्हणलं. धपाट्याचं पीठ मळाया बसले, आन् डोक्यातून गेलंच. ध्यानात आलं तशी पळत सुटले. तर तो वरून येऊन राहिला. मी दोन्ही हात हलवले, थांब थांब वरडले. आन् त्यानं हसून हात केला रे मला. हँडल सोडून हात केला!"

गावोगावी लोक आम्हाला हात करतात, लेकरं ओरडत मागं पळतात. आम्हीही हात करतो. रफिकला मीच सांगितलेलं, हात केलाच पाहिजे, नाहीतर म्हणतील लई माज आलाय ह्यांना. अक्का वाऱ्याविरुद्ध ओरडत होती, आणि तो तिला रामराम करत होता.
सोयाबीन तिथंच असतं तर? पिवळंधमक, लांबून दिसलं असतं. दोघंही उतरून चालत गेलो असतो. तिनं आमच्यासाठी रस्ता मोकळा केला आणि…
ओवाळलं तिनं. कुंकू लावताना तिचं बोट गार होतं. मी शेवटच्या एसटीनं परत आलो.

२५ ऑक्टोबर, शनिवार
सलीमभाईंचा फोन. गावात विचारून आले, सगळं गाव गप्प. "कोणी न्हाई बोलून राहिलं, बालाजी. तुझी बहीण हाय ना तिथं? तिला विचार." मी हो म्हणालो. हो! जीभ आहे का काय ही माझी.
शेवटी मंगलला सांगितलं. ऐकून घेतलं, भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "दुसऱ्या कुणाची बहीण असती तर एव्हाना तिला चौकीत बसवलं असतं तुम्ही." खरं आहे. झोंबलं, पण खरं आहे.

२९ ऑक्टोबर, बुधवार
रफिक घरी आला. अंगठा हलतो. बाकीच्या बोटांचं अजून काही खरं नाही. मशीनवर चादर टाकलीय, तो तिकडं बघतच नाही.
सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. जिन्यात दोनदा मनातल्या मनात म्हणूनही पाहिलं. तर मी तोंड उघडायच्या आतच तो उठून बसला.
"बाल्या, याद आलं! एक बाई व्हती रस्त्यात. दोन्ही हात हलवून राहिली होती. मी समजलो, राम राम करून राहिली. अरे, ती थांबवत होती मला! ऊन डोळ्यात व्हतं, तोंड न्हाई दिसलं. तिला शोध यार. माझ्यासाठी पळाली ती. तिचे पाय धरायचेत मला."
सलीमभाई ताडकन म्हणाले, "त्या बाईनं पाहिलं असंल दगड कोणाचे ते. ती आपली साक्षीदार!"
 भाभींनी सरबत दिलं. ते पिऊन, "बघतो" म्हणून उठलो. बघतो! 

१ नोव्हेंबर, शनिवार
अक्काला फोन करून सगळं सांगितलं, पाय धरायचं म्हणतोय तेही.   मग म्हणाली, "उद्या पहिल्या गाडीनं येते. तू त्याला काही सांगू नको. माझं मी सांगते."
म्हटलं, सलीमभाई केस करतील. "करू दे की."
दाजींना सांगितलं का, विचारलं. तिनं फोन ठेवून दिला.

२ नोव्हेंबर, रविवार
रफिकच्या गल्लीत, समोरच्या ओट्यावर बसलोय. वही पिशवीत होती म्हणून लिहितोय, नाहीतर काय करावं कळत नाही.
अक्का स्टँडवर उतरली. हातात डबा, त्यात धपाटे. त्या दिवशी खाऊ घालायचे राहिले होते म्हणे. चालता चालता मधेच थांबली. "बाळू, आधी काय सांगू रे? हात केला ती मीच, का दगड ठेवले ती मीच?"
मी तिच्या हातातला डबा घ्यायला गेलो, तिनं दिला नाही. 
वरच्या खिडकीत रफिक होता. "अरे, अक्का!" म्हणून हसला. उजवा हात गळ्यात बांधलेला, म्हणून डावा वर करून हलवला.
अक्का भर गल्लीत उन्हात उभी राहिली. डबा खाली ठेवला. तिनंही हात वर केले. दोन्ही. तसेच हलवले.
रफिकचं हसू तोंडावर तसंच राहिलं, हात मात्र हळूहळू खाली आला.
"तू हितंच थांब," म्हणाली. डबा उचलला आणि एकटी जिना चढून गेली. सलीमभाईंची चप्पल दारात आहे, म्हणजे तेही घरातच आहेत.