निवांतरावांची बढती

३ जून, सोमवार
टेबलावर आज पुन्हा दोन गठ्ठे. एक माझा, दुसरा निवांतरावांचा! नळजोडणीचे अर्ज. लोक पाण्यासाठी खोळंबलेत आणि हा माणूस शेजारच्या खुर्चीत डोळे मिटून "विचार" करतोय. साहेबांना म्हटलं, यांचं काम मी का करायचं? तर म्हणे, "बाई, ते घोळ घालून ठेवतात. तुमच्या हातचं कसं एकदम चोख!" हे कौतुक की शिक्षा?

६ जून
पंखा अजून बंद. "वरून मंजुरी यायचीय." मंजुरी यायची तेव्हा येईल. वारा कधी येणार?

११ जून
कामगिरी सुधारण्याचं प्रशिक्षण — दिवसभर! मुख्यालयातून आलेल्या ताई सांगत होत्या, "प्रेरणा आतून यायला हवी." आतून फक्त घाम येतोय, ताई! निवांतराव पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होते. ताई खूश. अहो, पेंगत होते ते! मी खिडकीवर परत आले तर रांग जिन्यापर्यंत, आणि सगळ्यांचा राग माझ्यावर.

१४ जून
घरी आदळआपट केली. हे म्हणाले, "तूही हात आखडता घे की." सांगायला काय जातं! आज एक पोटुशी बाई आली होती. खालून बादल्या भरून जिने चढते. तिचा अर्ज अडवू? सगळे गेल्यावर थांबले आणि मार्गी लावला.

१९ जून
बढतीची यादी लागली. निवांतराव!! मी दोनदा वाचली. तडक साहेबांच्या खोलीत गेले. ते आवाज खाली आणून म्हणाले, "त्यांना इथून हलवायचं तर हाच एक मार्ग होता."
"आणि मी?"
"तुम्हाला सोडलं तर हे ऑफिस चालवणार कोण?"
अगदी मायेने म्हणाले. चहा मागवला. मी घेतला नाही.
बाहेर निवांतराव उभे. "तुमच्यामुळेच हो, बाई!" टोमणा नव्हता. मनापासून म्हणाले. त्यानेच जास्त डोकं फिरलं.

२१ जून
एक आजोबा आले. कागद पूर्ण, सह्या जागच्या जागी. पाच मिनिटांचं काम.
"उद्या या," म्हटलं.
"बरं, बाई," म्हणाले आणि गेले. वादसुद्धा घातला नाही.