कशावर दळलंय?

३ फेब्रुवारी, सोमवार

हाताने केलेल्या वस्तू, आठवतील तशा:
गिरणीची अख्खी फ्रेम, भंगारातल्या चॅनेलची. वेल्डिंग माझं. बावीस वर्षांत एक सांधा सुटलेला नाही.
हॉपर, तेलाच्या पिंपाचा पत्रा कापून.
दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावायची छिन्नी, ट्रकच्या मोडक्या पाट्यापासून. पाणी मीच दिलं.
घराचा जिना. सतरा पायऱ्या, प्रत्येक साडेसहा इंच.
सौ.च्या पुरणयंत्राची जाळी. दोनदा केली, पहिलीची भोकं मोठी पडली.
हे टेबल.

यादी कशाला, तर आज एकाने विचारलं, "काका, तुमचं क्वालिफिकेशन काय?" निनाद सर. रावेतच्या नव्या टॉवरमध्ये राहतो, मोबाईलवर वजन उतरवायचे वर्ग घेतो. 'एकवीस दिवस गव्हाला सुट्टी.' मी म्हणालो, दहावी नापास. इंग्रजीत, गणितात नव्हे. तर खूष झाला. "हेच तर हवंय! एकदम ऑथेंटिक!" कशासाठी हवंय ते बोलला नाही. परत येणार म्हणे.

५ फेब्रुवारी

टॉवरकडच्या बायकांचे ज्वारीचे डबे वाढलेत. आज अकरा. महिन्यापूर्वी चार असायचे. प्रत्येकीचं एकच: "ज्वारीवरच टाका हं, आमचं ग्लूटेन-फ्री असतं."

बाई, ज्वारीवर ज्वारी मी तुम्ही जन्मायच्या आधीपासून... नाही, तेवढं नाही. पण बावीस वर्षं टाकतोय. या धंद्यातला सगळा भरवसा त्या 'वर'वर. आधी काय दळलं, त्यावर तुमचं पडणार. बाजरीवर गहू टाकला तर पोळ्या काळपट होतात आणि डबा परत येतो. म्हणून सकाळी गहू, अकरानंतर ज्वारी, शेवटी बाजरी. गहू संपला की आधी घरची दोन किलो ज्वारी, मग गिऱ्हाइकाची. ही शिस्त माझी. दुसऱ्या कुठल्या गिरणीत आहे दाखवा.

एक बाई हे बजावत होती तेव्हा तिच्या दुसऱ्या हातात खारीचा पुडा होता. मी पुड्याकडे बघितलं. ती म्हणाली, "हे मुलांसाठी आहे."

६ फेब्रुवारी

ग्लूटेन ग्लूटेन चाललंय तर म्हटलं बघू तरी. शंभर ग्रॅम कणीक मळली, नळाखाली धरली, पांढरं पाणी जायचं थांबेपर्यंत चोळत राहिलो. चोवीस मिनिटं. उरला तो करडा गोळा. काट्यावर तीस ग्रॅम. ओढला की ताणतो, सोडला की परत येतो. हाच तो राक्षस! याच्यामुळे पोळी लाटली जाते, फुगते, दुमडली तरी फाटत नाही. ज्वारीत हा नसतो, म्हणून भाकरी थापावी लागते. पीठ मळणाऱ्या कुठल्याही बाईला हे हाताने माहीत आहे, नाव माहीत नाही इतकंच.

सौ. म्हणाली, "शंभर ग्रॅम पीठ नळाला सोडलं व्हय? शिकल्यालं बरं असतं, शिकायची हौस वाईट."

आणि गंमत ही की सहा वर्षांपूर्वी याच लोकांना गव्हांकुराचा रस अमृत होता. मग ओट आले. मग ते परदेशी राजगिऱ्यासारखं काहीतरी, ज्याचं नाव मला दळूनसुद्धा म्हणता यायचं नाही. आता गहू विष. आमच्या लहानपणी पोळी सणाला मिळायची. भाकरीचा डबा शाळेत झाकून खायचो, पोरं हसायची. आज तीच भाकरी हायवेच्या हॉटेलात फोटो काढून खातात.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज तोंड चुकलं.

सलीम आला, शेजारचा गॅरेजवाला. चौदा वर्षांची भिंतीला भिंत. हातात पाच किलोचा डबा. "दत्ताभाऊ, ज्वारी आहे. गव्हाचं जरासुद्धा नको लागायला. शबानाचं गहू बंद केलंय डॉक्टरनं."

दुकानात चार बायका होत्या. मी म्हणालो, "काय सलीमभाई, तुम्हीपण? भाभीला मोबाईलवर डॉक्टर भेटला वाटतं!" बायका हसल्या. सलीम हसला नाही. खिशातून कागद काढला, काउंटरवर पसरला, ग्रीसचा अंगठा उमटला त्यावर. आतड्याचा तुकडा काढून तपासलाय. सिलिअ‍ॅक, म्हणजे गव्हाने आतडं झिजवणारा आजार. मला तो शब्द दोनदा वाचावा लागला.

"तीन वर्षं जुलाब, भाऊ. रक्त सातवर आलंय. सगळे म्हणायचे ॲसिडिटी आहे. वजन अडतीस किलो."

भाभी बारीक झालीय हे मला दिसत होतं. रोज दिसत होतं.

डबा घेतला. ज्वारीवर ज्वारी दळली. पैसे घेतले नाहीत तर म्हणाला, "पैसे घ्या, नायतर दुसरीकडं जावं लागंल." घेतले.

२४ फेब्रुवारी

सलीमचा तिसरा डबा. विचारलं भाभी कशी आहे. इकडे तिकडे बघत बोलला, तेव्हाच कळलं. फरक नाही. घरात गव्हाचा कण ठेवलेला नाही, पोरी भाकरी खातात, बिस्किटं बंद. तरी परवा पुन्हा सलाईन. डॉक्टरने एकच विचारलं: पीठ कुठून आणता?

"मग काय सांगितलंत?"

"सांगितलं, आमच्या दत्ताभाऊकडनं. तिथं शंका न्हाई."

तिथं शंका न्हाई. दिवसभर तेच डोक्यात.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

उद्या महाशिवरात्र. दर वर्षीप्रमाणे उपासाच्या दळणासाठी गिरणी उघडली. वरचा दगड काढला, ब्रश मारला, पुसला. गावठाणातल्या बायका वरी-राजगिरा आणतात, त्याला धान्य लागलेलं चालत नाही. माझी गिरणी त्यासाठी प्रसिद्ध आहे.

पण या वेळी टॉर्च लावून बघितलं. दगडाच्या मागे, पत्र्याच्या कडेला, बोट जाणार नाही अशा फटीत पीठ. खरवडून काढलं: १९० ग्रॅम. पीठ पडतं त्या कापडी बाहीच्या शिवणीत अजून ६०. मळून नळाखाली धरलं. करडा गोळा उरला. गव्हाचं.

सौ. दारात उभी. मी म्हणालो, "बावीस वर्षं अख्ख्या गावठाणाचा उपास मी मोडलाय."

तिने आधी रस्त्यावर बघितलं कुणी आहे का. मग हळूच, "हे कुणापुढं बोलू नगा."

२७ फेब्रुवारी

अंदाज नको, माप पाहिजे. दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. गव्हाच्या जागी नाचणी दळली, चार किलो. ती लालसर, लपत नाही. त्यावर तांदूळ, दोन-दोन किलोचे घाणे, प्रत्येक घाणा वेगळ्या परातीत. काळ्या कागदावर नको, पांढऱ्यावर बघितलं, भिंगाने.
पहिला: गुलाबीच.
दुसरा: ठिपके, मोजण्यापलीकडे.
तिसरा: चिमटीत वीस-बावीस.
चौथा: आठ.
पाचवा: तीन.
सहावा: दोन. पुन्हा चिमूट घेतली, तरी दोन.
म्हणजे माझ्या दोन किलोच्या शिस्तीनंतर गिऱ्हाइकाला मिळतो तो दुसरा घाणा. भाभीला मी ते देत होतो, हसून.

सलीमला गॅरेजमध्ये जाऊन सांगितलं. जॅकवरच्या गाडीखाली होता. बाहेर आला नाही, आतूनच म्हणाला, "मंजे आपल्या गिरणीतूनच?" मी म्हणालो, "माझ्या." पान्याने एक नट आवळला. मग, "तुम्ही सांगायला आलात. दुसरा आला नसता." हे ऐकून बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही.

३ मार्च

निनाद सर आला. बरोबर पाकिटाचा नमुना. त्यावर चित्र: पांढऱ्या मिशांचा म्हातारा, जातं. 'आजोबांची चक्की. १००% ग्लूटेन-फ्री.' माझी मिशी काळी आहे. वय चोपन्न. मिशी रंगवू म्हणाला, पांढरी!

काम असं: ज्वारी-नाचणी-बाजरीचं पीठ मी दळायचं, फोटो माझा, शब्द माझा. बाकी तो बघणार. मी त्याला परातींचं सांगितलं. सहावा घाणा, दोन ठिपके.

"काका, एवढ्याने कुणाला काही होत नाही. माझे क्लायंट पेशंट थोडेच आहेत? त्यांना नुसतं हलकं वाटायला हवंय."

"मग फ्री कशाला लिहिता?"

"लिहिलं की खपतं."

"आणि एखादा पेशंट वाचून घेऊन गेला तर?"

"त्यांची वेगळी दुकानं असतात, काका." मग आकडा सांगितला. विचार करा म्हणाला. पाकीट ठेवून गेला.

विचार केला. त्याच्या लोकांना दोन ठिपक्यांनी काही होत नाही, हे त्याचं खरं आहे. त्यांना गव्हानेच काही होत नाही! होतं ते भाभीला. आणि 'फ्री' हा शब्द वाचून डोळे मिटून घेणारं गिऱ्हाईक तीच. या सगळ्यांनी तो शब्द इतका वापरलाय, की ज्याला खरंच लागतो तो तोंडातून काढतो तेव्हा माझ्यासारखा गाढव चार बायकांपुढे हसतो.

४ मार्च

पाटी रंगवली. अक्षरं अडीच इंच, पिवळ्यावर काळी:

इथे रोज गहू दळला जातो. इथलं कुठलंही पीठ ग्लूटेन-फ्री नाही. डॉक्टरने गहू बंद केला असेल तर इथे दळू नका. डॉक्टरने केला नसेल तर खुशाल पोळी खा.

शेवटची ओळ सौ. पुसायला सांगत होती. ठेवली.

९ मार्च, रविवार

ज्वारीचे डबे: अकरावरून तीन. एक बाई पाटीचा फोटो काढून गेली, त्यांच्या ग्रुपवर म्हणे मी 'निगेटिव्ह' आहे. उपासवाल्या तिघीजणी येऊन विचारून गेल्या, उपासाचं पीठ तरी बरोबर होतं ना? खरं सांगितलं. एक आजी म्हणाल्या, "देव भिंग घेऊन बसत न्हाई रं दत्तू." त्या येणार. बाकीच्या दोघींचं माहीत नाही.

सौ.: "गिऱ्हाईक हाकलायचं दुकान काढलंय का आपण?"
मी: "खोटं सांगायचं नाही काढलं."
सौ.: "व्हय, पाटीला शेंगदाणं लावून खाऊ आता."
पण दुपारी तीच स्टुलावर चढून पाटीवरचं पीठ पुसत होती.

१४ मार्च

मोठी गिरणी कितीही पुसा, शुद्ध होणार नाही. माझ्या दुकानात हवेतच गहू आहे. भाभीची गिरणी वेगळी पाहिजे, गव्हाचं तोंड न बघितलेली, आणि तिच्या घरात. काम सुरू. दगड नवा, दहा इंची. मोटर सलीमने कुठूनतरी आणली, अर्ध्या हॉर्सपॉवरची, आतली तार नव्याने गुंडाळून दिली. बांधणी गॅरेजमध्येच करतोय. अख्ख्या गावठाणात पीठ न उडणारी जागा तेवढीच.

तिथे शिरण्याआधी कपडे बदलतो. सलीम हसतो, "मस्जिदीत जाताय का भाऊ?" रोजा आहे त्याचा, तरी वेल्डिंगला बसतो. मी समोर पाणी पीत नाही. तो म्हणतो प्या. नाही पीत.

२२ मार्च

फटी. सगळं गणित फटींचं. पत्रा कुठेही दुमडलेला ठेवला नाही, सांधा बाहेरून. बाही कापडी नाहीच, स्टीलची घसरण. चार पंखनट सोडले की सगळं सुटं होतं, बाईच्या हाताने. भाभीकडून करून घेतलं: खोलायला तीन मिनिटं, लावायला पाच. ती म्हणाली, "भाईजान, हे तर कुकरपेक्षा सोपं आहे." दुकानात तिच्यावर हसलो त्या दिवसानंतर पहिल्यांदा तिच्याशी नीट बोललो. माफी मागायची होती. पंखनटाबद्दलच बोललो.

२३ मार्च

नाचणी चाचणी, छोट्या गिरणीवर. नाचणी, मग खोलून पुसली, मग तांदूळ. पहिलाच घाणा. भिंग. चिमूट दहा वेळा. शून्य.
सौ.ने पण बघितलं. सलीमने पण. शून्य.
पहिल्या पानावरच्या यादीत सातवी वस्तू.

३० मार्च, पाडवा

घरी पुरणपोळी. चार खाल्ल्या, गव्हाच्या, मुद्दाम. गिरणी काल सलीमकडे बसवली. भाभी ज्वारी स्वतः निवडते, दाणा दाणा, कारण दुकानदाराच्या पोत्यात गहू मिसळलेला असतो. सापडला की वाटीत वेगळा ठेवते. परवाच्या पाच किलोत नऊ दाणे. वाटी मला दाखवली. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कबूल.

३१ मार्च, ईद

सलीमकडून शीरखुर्म्याचा डबा. दोन पातेली केली होती, एक पाहुण्यांसाठी शेजारच्या घरात, एक भाभीचं, तांदळाच्या शेवयांचं. त्या शेवया तिने आपल्या गिरणीच्या पिठाच्या केल्या. चिकटपणा नाही, सगळ्या मोडल्या, खिरीसारखं झालं. म्हणाली, "तीन वर्षांनी ईदचं गोड खाल्लंय, शेवई लांब नसली म्हणून काय." पोट कसं आहे ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. वजन एकोणचाळीस, सलीम म्हणाला. एक किलो कपड्यांचाही असू शकतो. रक्ताची तपासणी पुढच्या महिन्यात. गिरणीचं काम बरोबर झालंय, एवढं मी सांगू शकतो. बाकीचं कागदावर येईल तेव्हा.

ते खातच होतो तर निनाद सर. पाटी काढा, फोटो द्या, पाकिटावर शब्द द्या. बोली वाढवली. मी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणालो, "सर, तुमच्या पाकिटातल्या पहिल्या घाण्याची भाकरी त्या बाईला तुम्ही स्वतः नेऊन वाढणार का?" तो म्हणाला, "कुठल्या बाईला?"

उद्या कुणी म्हणायला नको की मला कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून लिहून ठेवतो. नाकारलं ते: एक वर्षासाठी माझा चेहरा, माझी गिरणी आणि 'ग्लूटेन-फ्री' हा शब्द. रक्कम रु. ४,८०,०००. अक्षरी चार लाख ऐंशी हजार.