सहाव्या रांगेतली मधली खुर्ची

हिल्सबरो, ऑकलंड
रविवार, २७ जुलै २०२५

चि. शार्दूल,

ताईचे आशीर्वाद. तुला पुरून उरले तर मुग्धाला दे. खरी गरज तिला आहे, ती तुझ्याबरोबर राहते.

इकडे सगळं ठीक. लिंबाच्या झाडाला यंदा इतकी लिंबं धरली की फाटकाबाहेर खोक्यात भरून वर ‘फ्री’ असं लिहून ठेवलं. संध्याकाळी पाहिलं तर लिंबं गवतावर आणि खोकं गायब. सानिका हॅमिल्टनहून फोनवर म्हणाली, “सो मम, टेक्निकली दे टुक द फ्री थिंग.” मुलीला वकिलीला घातलं असतं तर बरं झालं असतं.

आता मॅच. ज्याच्या घरी बाबा असतील त्याने रविवारी दुसऱ्याला मॅचचं पत्र लिहायचं, हा बाबांचा नियम. आता ते कुणाच्याच घरी नाहीत, तरी तू म्हणतोस, “ताई, तूच लिही, रिंक तुझ्या गावात आहे.” तर लिहिते. तू स्ट्रीमवर पाहिलंसच. आपले बगळे तीन-एक हरले. क्लबचं नाव हेरॉन्स आहे आणि ते तीस वर्षं लढतायत, पण बाबांनी एकदा बगळे म्हटलं की मग जर्सीवर काहीही लिहिलेलं असो.

आज शेजारची राजश्री बरोबर होती. तिला आईस हॉकी म्हणजे काय ते पाहायचं होतं. आल्या आल्या मधल्या खुर्चीवर बसायला लागली.

“तिथे नको, सानिकाच्या जागी बस,” मी म्हटलं.

“अगं, रिकामीच तर आहे.”

“आहे रिकामी. तरी नको.”

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पलीकडे जाऊन बसली. मग मी तिला पॉवरप्ले समजावला: त्यांच्या एकाने चूक केली की तो दोन मिनिटं कोठडीत, तेवढा वेळ त्यांचे चार आणि आपले पाच, तेवढ्यात पक, म्हणजे ती काळी रबरी चकती, त्यांच्या जाळ्यात मारा, नाहीतर तो सुटून येतो. “आणि तो म्हातारा कोण?” म्हणाली. म्हटलं, लॉयड पिकरिंग, वय बेचाळीस, सोमवार ते शुक्रवार पापाकुराला प्लंबर. आमचे बाबा त्याला ‘अव्यय’ म्हणायचे. काहीही झालं तरी ज्याच्यात बदल होत नाही तो.

तिसऱ्या पीरियडमध्ये आपल्याला पॉवरप्ले मिळाला आणि नेमकी राजश्री उठली. तुला बाबांचा नियम ठाऊकच आहे. मी एकदा पॉवरप्लेमध्ये कॉफी आणायला गेले आणि तेवढ्यात गोल झाला, तेव्हापासूनचा. “पॉवरप्ले संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. पेटल्या यज्ञातून कुणी कॉफीला जातं का?” पण राजश्री उठली आणि मी म्हटलं, जा, जा, लगेच जा. एवढंच नाही, तिच्याबरोबर पार दारापर्यंत गेले.

“स्नेहलता, मला टॉयलेटला जायचंय,” ती म्हणाली, “हॉस्पिटलला नाही.”

पाहुण्यांना सवलत, दुसरं काय.

आता तुझं-माझं जुनं भांडण. पिकरिंगला पॉवरप्लेवरून काढायला हवं. नेहमीचा खेळ खेळू दे, भिंतीला टेकून पक काढू दे, त्यात तो अजून चांगला आहे. पण निळ्या रेषेवर उभं राहून तो पक धरून ठेवतो, धरून ठेवतो, आणि इकडे घड्याळ पळतं. यंदा एकतीस पॉवरप्ले आणि गोल तीन. मला ते पाहवत नाही. त्या जागी एखादा विशीतला पोरगा ठेवा, येईल तसा मारून मोकळा होईल.

बाबांच्या खुर्चीवर लावायच्या तुझ्या त्या पितळी पट्टीचं मी क्लबच्या रोझमेरीशी बोलते. घाई नाही.

यज्ञाच्या आसनावरून सहसा न उठणारी,
ताई


हिल्सबरो
रविवार, १० ऑगस्ट

चि. शार्दूल,

आशीर्वाद आहेतच. तुझं रागाचं पत्र मिळालं. अक्षर रागात सुधारतं तुझं. आणखी चिडत जा.

तू लिहितोस, “ताई, ज्याच्या गोलवर बाबा गेले त्याला काढा म्हणतेस? बाबांनी आयुष्यभर ज्याची बाजू घेतली त्याला?” आयुष्यभर नाही, तीन सीझन. पण मुद्दा पोचला. बाबांचं म्हणणं मला पाठ आहे: घाई करणारा गोलकडे मारतो, हा आधी गोलकीपरला हलवतो. तेव्हा मी आणि तू दोघंही त्यांच्याशी भांडायचो की म्हाताऱ्यांना घरी बसवा. ते कानटोपी सारखी करत म्हणायचे, “मग मीही निघू का?” आता तू त्यांच्या बाजूला गेलास आणि मी एकटी उरले. असू दे.

आज पुन्हा दोन पॉवरप्ले, पुन्हा शून्य. मी बिनबाह्यांचं जॅकेट घालून गेले होते. रिंकमध्ये. पुढच्या रांगेतल्या आजीबाईंनी स्वतःचं ब्लँकेट देऊ केलं. सानिका म्हणते, “मम, यू ओन लाइक फोर कोट्स.” आहेत चार. बाह्यांचा त्रास होतो, एवढंच तिला सांगितलं. तशी ऑफिसात मायक्रोवेव्हशी पण माझी एक कटकट आहे. दोन मिनिटं लावून समोर उभं राहवत नाही. एक पन्नास लावते. वरण कोमट खाते. वय झालं की माणसाला खोड्या लागतात, पिकरिंगला बोलायला मी कोण?

बरं, तुझा मजकूर. ‘रावसाहेब. आपल्या संघाचा गोल पाहता पाहता, याच खुर्चीवर, आनंदाने गेले.’ छान आहे. फक्त ‘आनंदाने’ हा शब्द मला खटकतो. संस्कृतच्या मास्तरांच्या पट्टीवर क्रियाविशेषण म्हणजे ते स्वतः खडू घेऊन खोडायला येतील. ‘पाहता पाहता’ पण लांब होतं. पितळेवर अक्षरं फार मावत नाहीत, रोझमेरी म्हणत होती. म्हणजे म्हणाली नाही, पण म्हणेल.

तिला मजकूर सोमवारी, अठरा तारखेला हवा आहे. पट्टी एकतीस तारखेच्या मॅचला लागणार. पिकरिंगचीही ती शेवटची मॅच, ऐकलं असशील. तू विमानाचं तिकीट काढलंस हे चांगलं केलंस.

तू लिहिलंस की वेलिंग्टनला जाताना ट्रेनमध्ये रोज तो गोल पाहतोस. अठरा सेकंदांची क्लिप, पिकरिंगने काठी उचलल्यापासून. “दिवस चांगला जातो,” असं लिहिलंस. ते वाचून मी पत्र घडी करून ठेवलं आणि लिंबं उतरवायला गेले. खोकं नव्हतं, बादलीत उतरवली.

आणखी काही लिहायचं होतं. पुन्हा कधीतरी.

गारठलेली,
ताई


हिल्सबरो
शनिवार, १६ ऑगस्ट

शार्दूल,

आज आशीर्वाद नंतर. ते तुला हवे आहेत की नाहीत हे पत्र वाचून ठरव.

मजकूर मी पाठवलेला नाही. क्रियाविशेषणाचा प्रश्न नव्हता. कागदावर एक वेळ ते मला चाललं असतं, तसं ते वर्षभर चाललंच आहे. पण पितळेवर चार स्क्रूंनी ठोकून त्याच्याशेजारी दर रविवारी बसणं मला जमणार नाही.

गेल्या वर्षी एअरपोर्टवर तू आलास तेव्हा मी तुला सांगितलं की गोल झाला आणि त्याच क्षणी बाबा गेले, त्यांना काही कळलंसुद्धा नाही. ते खरं नाही.

त्या रविवारचा दुसरा पीरियड. सानिका आली नव्हती. त्यांच्या एकाने पिकरिंगच्या पायात काठी घालून त्याला पाडलं. शिट्टी वाजली, तो कोठडीत गेला, आपला पॉवरप्ले. आणि बाबांनी माझी डावी बाही ओढली.

“स्नेहा, उठूया का?”

“का हो?”

“जरा बाहेर जाऊ. कसंतरी होतंय.”

आता मी काय म्हणाले ते सांगते. मी म्हणाले, “बाबा, नियम कुणाचा? तुमचाच ना? पेटल्या यज्ञातून उठायचं नाही. बसा दोन मिनिटं.” आणि हसले. शार्दूल, मी हसले. आपल्या घरात आपण बोलतो तसंच बोलले.

तेही हसले. म्हणाले, “बरं बाई. नियम म्हणजे नियम.”

त्यांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली होती. त्या थंडीत. कपाळावर घाम होता. मला दिसला होता. हे वाक्य मी तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं, म्हणून इथे कागद असा झाला आहे.

ज्या माणसाने उभ्या जन्मात स्वतःचा एक नियम मोडला नाही, जो एकशे दोन तापात वर्गावर गेला, तो आपणहून ‘उठूया का’ म्हणाला. तेवढ्यावरून कळायला हवं होतं. परक्या माणसालाही कळलं असतं. राजश्री उठली तर मी दारापर्यंत धावले की नाही?

मग दोन मिनिटं सुरू झाली. पिकरिंगने पक धरून ठेवला. मी ओरडत होते, “मार ना रे म्हाताऱ्या, कशाची वाट बघतोस!” मराठीत. पुढची आजीबाई वळून बघत होती. बाबांनी आणखी एकदा बाही ओढली, आधीपेक्षा हळू. मी न वळता त्यांच्या हातावर थोपटलं. आलंच, बाबा, आलंच. घड्याळात नऊ सेकंद उरले असताना त्याने मारला आणि मी दोन्ही हात वर करून उभी राहिले.

गोल झाला की बाबा काठी दोनदा जमिनीवर आपटायचे, खेळाडू बर्फावर आपटतात तशी. ती वाजली नाही. मी खाली पाहिलं तर ते घड्याळाकडे बघत होते. तेव्हा अजून बघत होते, शार्दूल. अॅम्ब्युलन्स आली तेव्हा नव्हते.

डॉक्टरांना मी कधी विचारलं नाही की दोन मिनिटांनी काही फरक पडला असता का. विचारलं असतं तर त्यांनी उत्तर दिलं असतं.

तुला खोटं का सांगितलं तेही लिहिते. त्या हिवाळ्यात बाबांची पाळी तुझ्याकडे होती. तुझ्या घराचं छप्पर काढलेलं, म्हणून तू त्यांना माझ्याकडे पाठवलंस. एअरपोर्टवर तुझा पहिला प्रश्न तोच होता: “मी पाठवलं नसतं तर?” तुझा चेहरा बघून मी गोलचं सांगितलं. तू म्हणालास, “म्हणजे आनंदात गेले. मग ठीक आहे.” आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलास. त्या वेळी ते तुझ्यासाठी सांगितलं असं मी स्वतःला पटवलं. पण ठीक व्हायचं मलाही होतं.

तुझं छप्पर, तुझी पाळी, यात तुझं काही चुकलं नाही. ते तुझ्याकडे असते तर तुझ्या बाजूला बसले असते आणि त्यांनी तुझी बाही ओढली असती. तू उठला असतास. तुला पॉवरप्लेचं असंही फार कळत नाही. (हे चिडवणं आहे. राहवलं नाही.)

आता बाह्यांचं. मधली खुर्ची कुणी बसलं नाही की आपोआप वर मिटते, तशी ती मिटलेली असते. पण शिट्टी वाजून आपला पॉवरप्ले सुरू झाला की माझी डावी बाही ओढली जाते. जोरात नाही. पहिल्यांदा एकदा, मग थोड्या वेळाने हळूच दुसऱ्यांदा. खुर्चीकडे पाहिलं तर ती मिटलेलीच. म्हणून ते बिनबाह्यांचं जॅकेट. त्याने काही होत नाही. गेल्या रविवारी मनगटाला धरलं. पिकरिंगने पक लवकर मारावा एवढंच मला हवं असतं. दोन मिनिटं लवकर संपावीत. त्याच्या वयाशी माझं काही भांडण नाही. बाबांचं बरोबर होतं, तो आधी गोलकीपरला हलवतो. त्या दिवशीही त्याने तेच केलं. सगळ्यांनी आपापलं काम नीट केलं त्या दिवशी.

तुला माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही. क्लबच्या पानावर ती पूर्ण मॅच आहे. तू क्लिप गोलपासून लावतोस, शिट्टीपासून लाव. शिट्टी वाजली की कॅमेरा एकदा प्रेक्षकांवरून फिरतो. सहावी रांग, आपल्या तीन खुर्च्या. माझा निळा कोट दिसेल आणि त्याच्या बाहीवर त्यांचा हात. चार-पाच सेकंद आहे. मी हसताना दिसते.

ते पाहिलंस की मजकूर तू लिही. तूच लिही. ‘आनंदाने’ ठेवायचं तर ठेव, काढायचं तर काढ, पट्टीच नको असेल तर तसं सांग. रोझमेरीला मी तो जसाच्या तसा देईन, एक अक्षर सुधारणार नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

एकतीस तारखेला यायचं की नाही हेही तुझ्यावर. मी येईन. निळा कोट घालून येईन, बाह्यांसकट. आणि पिकरिंगचा शेवटचा पॉवरप्ले सुरू झाला, शिट्टी वाजली आणि बाही ओढली गेली, की मी उठणार आहे. त्यांना धरून बाहेर नेणार आहे, दारातून, पायऱ्यांवरून, जिथे ऊन असेल तिथे. गोल होवो न होवो. लोक बघतील की एक बाई हात वाकडा करून एकटीच हळूहळू चालली आहे. तू असलास तर दुसऱ्या बाजूने ये. त्यांचा उजवा गुडघा दुखतो.

आशीर्वाद, घेशील तर.

नियम पाळलेली,
ताई